व्यासपीठावरच्या कुरडया

मोठ्या शब्दांचं आणि माझं पहिल्यापासून पटत नाही. बोलणारा बोलून गाडीत बसतो आणि शब्दाचं ओझं आमच्यासारख्यांच्या डोक्यावर राहतं. ‘शाश्वत विकासासाठी लोकसहभागाचे व्यासपीठ’ ही अशीच एक मोळी नव्वदचं दशक सरता सरता आमच्या गावात येऊन पडली. गावानं ती सोडली, एकेक शब्द निरखून पाहिला आणि आपल्या अकलेप्रमाणे वापरला. पुढं जे झालं ते कुठल्याच अहवालात आलेलं नाही, म्हणून मी सांगते.

गाव सिन्नरच्या पुढं. जीपमधून फाट्यावर उतरायचं आणि आत चालत जायचं. मी माहेरची नाशिकची, पंचवटीतली, बारावी झालेली. एवढ्या भांडवलावर सासरी मला ‘शिकलेली’ म्हणत. घरचा धंदा भाजीपाल्याचा. कोथिंबीर, मेथी, फ्लॉवर नाशिकच्या मार्केटला जायचा आणि दसऱ्याला झेंडू. माझा नवरा सिन्नरच्या कारखान्यात पाळीवर असायचा, त्यामुळे तो या हकिकतीत नाही. तसा तो बऱ्याच गोष्टींत नसायचाच. घरात सासू-सासरे, थोरले दीर आणि थोरली जाऊ. दिरांना मी भाऊजी म्हणायची आणि जावेला अक्का.

सरपंचपद बाईसाठी राखीव झालं तेव्हा भाऊजी फार खुशीत होते. आपल्याला इतकी वर्षं कुणी सरपंच केलं नाही, आता बायकोच्या नावावर होऊ, असा साधा हिशेब. अक्काला कुणी विचारलं नाही. मेथीच्या वाफ्यातून उठवून तिला सही करायला नेलं. चौथी शिकलेली अक्का पदराला हात पुसून सही करून आली आणि परत खुरपायला बसली. निवडून आल्यावर मिरवणुकीत हार होते ते भाऊजींच्या गळ्यात. तालुक्याच्या बैठकीलाही तेच जायचे, चहा-बिस्कीट घेऊन यायचे आणि अक्काला सांगायचे, “आज तू लय चांगली बोलली.”

एकदा मात्र चुकामूक झाली. बैठकीच्या दिवशी भाऊजी पिंपळगाव बसवंतला साडूकडे गेले होते. साडूंची द्राक्षबाग बघून त्यांना द्राक्षाचं वेड लागलं होतं, अर्ध्या एकरात त्यांनी स्वतःची बागही लावली होती. तेव्हा बैठकीला अक्काच निघाली आणि सोबत म्हणून मला घेतलं.

बैठकीत एक साहेब बोलले. तरुण, चष्मेवाले, आवाज मऊ. ते म्हणाले, पाणी, माती, झाडं टिकली तर गाव टिकेल; त्यासाठी प्रत्येक गावानं आधी लोकसहभागाचं एक व्यासपीठ उभं करावं, आणि त्यावर सर्व घटकांना, विशेषतः महिलांना, जागा मिळावी. पंचायतीला त्यासाठी थोडा निधीही येणार होता. अक्का सगळं कान देऊन ऐकत होती. परत येताना जीपमध्ये तिनं विचारलं, “व्यासपीठ म्हंजे गं? सप्त्यात महाराज बसत्यात त्येच ना?”

“तेच,” मी म्हणाले.

“आन शाश्वत?”

“कायम टिकणारं.”

“मंग दगडी बांधाया पायजे.”

आता कुणी म्हणेल, तू तर बारावी झालेली, तुला कसं कळलं नाही? नाही कळलं. आमच्या शाळेच्या गॅदरिंगला व्यासपीठ होतं, सप्त्यात व्यासपीठ होतं, पुढाऱ्याच्या सभेला व्यासपीठ होतं, आणि तिन्ही वेळा त्यावर माणसं चढून बसली होती. कुणी चढू शकत नाही असं व्यासपीठ मी तोवर पाहिलं नव्हतं.

भाऊजी पिंपळगावहून येईपर्यंत अक्कानं चावडीपुढची जागा नक्की करून टाकली होती. ग्रामसेवकाकडे तीन गावं होती. त्याला आपल्या गावात काय चाललंय हे बहुधा तिसऱ्या गावात कळायचं. गवंड्यानं विचारलं, “किती टिकाऊ पायजे?” अक्का म्हणाली, “शाश्वत.” त्यानं डोकं खाजवलं. “ही कुठली सिमिट?”

पण त्यानं बांधलं मात्र जीव ओतून. गुडघ्याच्या वर उंच, खाली काळा दगड, वर सिमेंटचा असा गुळगुळीत कोबा की नवी नवरी चालताना घसरावी. एवढी सपाट, स्वच्छ, दिवसभर उन्हात असणारी जागा गावात दुसरी नव्हती. पहिल्या आठवड्यात त्यावर शेळ्या बसल्या, दुसऱ्या आठवड्यात पत्ते खेळणारे. बाया लांबूनच बघायच्या. खाली सासरे, दीर बसलेले असताना सुनेनं उंचावर चढायचं हे आमच्याकडे बसत नाही. सून बाजेवरसुद्धा बसत नाही, तर ओट्यावर कुठली बसते. म्हणजे महिलांना जागा मिळावी म्हणून बांधलेल्या व्यासपीठावर महिला सोडून सगळे होते.

आता अक्काचं दुखणं सांगायला हवं, नाहीतर पुढचं सगळं नुसतं हसण्यावारी जाईल.

गावाच्या वरच्या अंगाला पाझर तलाव आणि त्याच्या खाली गावची विहीर. अक्का म्हणायची, त्या दोघी मायलेकी हायेत, आईला दूध नसलं तर लेक उपाशी. विहिरीत पाणी असलं की मोटर लावून ते गल्लीतल्या नळाला यायचं. पण होळी झाली की तलावाच्या काठाला शेतकऱ्यांच्या मोटारी बसायच्या, तलाव खाली जायचा आणि पाठोपाठ विहीर. मग टँकर. टँकर विहिरीत पाणी ओतून निघून जायचा आणि आम्ही बाया ते दोरानं शेंदून, हंड्यावर हंडा ठेवून, चढावरून घरी आणायचो. माणसं, जनावरं, येणारेजाणारे, सगळ्यांचं पाणी दोघींच्या डोक्यावर.

आदल्या उन्हाळ्यात अक्का चढावर मध्येच थांबायला लागली. भिंतीला धरून उभी राहायची, तोंड पांढरं पडलेलं. एके दिवशी तिनं मला गोठ्याच्या मागं नेऊन सांगितलं की वजन उचललं की तिचं अंग बाहेर येतं. भाजीच्या गाडीबरोबर मी तिला नाशिकला घेऊन गेले. बाईडॉक्टर म्हणाल्या, अजिबात जड उचलायचं नाही. असंच चालू राहिलं तर ऑपरेशनशिवाय इलाज नाही. दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना अक्का मला विचारते, “जड म्हंजे किती गं? हंडा जडात येतो का?”

घरी आम्ही पित्त सांगितलं. असलं दुखणं पुरुषमाणसाला सांगायची रीत नाही, आणि अक्का तर भाऊजींना डोकं दुखतं हेही सांगत नसे. तिनं फक्त एवढं म्हणून पाहिलं की औंदा मोटर जरा लवकर काढली तर? भाऊजी म्हणाले, “आन बागेला काय तुझी आसवं घालू? टँकर येतोय की.” मला त्यांचा इतका राग आला की मी त्यांच्या ताटात दोन दिवस मीठ जास्त घातलं. ते गपचूप जेवले. बिचाऱ्यांना वाटलं, मीठ बदललंय.

गंमत म्हणजे तलावाच्या काठाला सगळ्यात मोठी मोटर आमच्याच घराची होती.

एप्रिलमध्ये साहेब पाहणीला आले. जीपमधून उतरता उतरता त्यांनी विचारलं, “व्यासपीठ स्थापन झालं का?”

“झालं साह्यब,” अक्का म्हणाली.

“छान! किती जणांना सामावून घेतलंय?”

“दाटीवाटीनं पन्नास बसत्याल.”

“वा! आणि महिला किती?”

अक्कानं क्षणभर विचार केला. “सध्या शेळ्या जास्त हायेत.”

साहेबांनी चष्मा काढून पुसला. मग अक्कानं त्यांना चावडीपुढं नेलं. ग्रामसेवकाच्या कपाळावर घाम. साहेबांनी बुटाच्या टाचेनं ओट्यावर ठोकून पाहिलं, आणि एकदम खो खो हसत सुटले. भला माणूस होता, हसण्यात खोट नव्हती. हसू आवरल्यावर त्यांनी समजावलं की व्यासपीठ म्हणजे लोकांनी एकत्र येऊन बोलायची व्यवस्था, बांधकाम नव्हे. अक्का म्हणाली, “मंग उभं ऱ्हाऊन बोलायचं का?”

मग त्यांनी खरी गोष्ट सांगितली. योजनेतून तलावाचा गाळ काढून मिळणार होता, बांधाची डागडुजी होणार होती. अट एकच. प्यायचं पाणी पहिलं, शेतीचं मागनं, असं गावानं स्वतः ठरवायचं. होळीपासून पाऊस पडेपर्यंत तलावावर एकही मोटर चालणार नाही असा ठराव ग्रामसभेत, बायांसकट सगळ्यांच्या समोर, हात वर करून व्हायला हवा. नाहीतर काम दुसऱ्या गावाला. “एक मेच्या ग्रामसभेला मी स्वतः येतो,” साहेब म्हणाले. “आणि ती सभा या व्यासपीठावर घ्या. एवढं बांधलंय तर.”

भाऊजी बाजूलाच उभे होते. त्यांचा चेहरा बघून मी काय ते समजले. ग्रामसभा आजवर मारुतीच्या देवळात व्हायची. पुरुष आत बसायचे, बाया आल्याच तर खांबामागं, आणि हात वर करायची वेळ यायच्या आत स्वयंपाकाला घरी. अशा सभेत मोटारवाले काय ठराव करणार हे सांगायला ज्योतिषी नको होता.

एप्रिलच्या शेवटी अक्कानं कुरडयांचे गहू भिजत घातले. उन्हाळ्याचंच काम ते, मला काही वाटलं नाही. पण विहिरीवर गेले तर शेजारीण म्हणाली, आमचेबी घातले. पलीकडची म्हणाली, आमचेबी. मळ्यातली म्हणाली, “तुझ्या जावंनं सांगितलं, औंदा समद्यांनी एकाच दिशी घालायच्या.” तेव्हा माझी ट्यूब पेटली. घरी येऊन मी हिशेब केला. गहू भिजून आंबायचे, वाटून चीक निवायचा, म्हणजे कुरडया पडणार बरोबर एक मेला.

“अक्का,” मी म्हणाले, “त्या दिवशी ग्रामसभा आहे.”

“व्हय का?” अक्का म्हणाली आणि गव्हाचं पाणी बदलायला लागली.

एक मेला तांबडं फुटायच्या आत गावातल्या चुली पेटल्या. चीक शिजला. सासूबाईंनी स्वतः सोऱ्या हातात घेतला. आमच्या सासूबाई म्हणजे गावातलं शेवटचं कोर्ट, त्यांच्यापुढं सासऱ्यांचंही अपील चालायचं नाही. त्यांना अक्कानं काय सांगितलं होतं ते मला आजवर कळलेलं नाही, पण ओट्याकडे निघालेल्या बायांच्या पुढं त्याच होत्या. शेळ्या हाकलल्या, कोबा धुतला, जुनी लुगडी अंथरली आणि बघता बघता ते शाश्वत व्यासपीठ या टोकापासून त्या टोकापर्यंत पांढऱ्याशुभ्र कुरडयांनी भरून गेलं. कडेकडेनं बाया बसल्या. प्रत्येकीच्या हातात काठी, कावळे हाकायला.

शाळेतलं झेंडावंदन आटोपून पुरुष चावडीकडे आले आणि जागच्या जागी थबकले. ग्रामसेवक सतरंजी आणि साहेबांची खुर्ची घेऊन आला होता. ती खुर्ची हातात धरून तो नुसता फिरत राहिला.

“उचला गं ते,” भाऊजी म्हणाले.

“वल्ली कुरडई उचलत नसत्यात,” सासूबाई म्हणाल्या. “मोडती.”

“मंग सभा?”

“घ्या की. आमी कुठं नको म्हणतोय? आमी कुरडया राखतोय.”

सुना उंचावर बसल्या असं म्हणावं, तर त्या बसल्या नव्हत्याच, राखण करत होत्या. डोक्यावर पदर होता, माना खाली होत्या. घराघरातल्या वर्षाच्या कुरडया होत्या त्या. कुणाचा सासरा उठून म्हणणार की कावळ्यांना खाऊ द्या? शेवटी सतरंजी खाली मातीत, निंबाच्या सावलीत पडली. साहेब खुर्ची बाजूला सारून पुरुषांच्या बरोबर खालीच बसले. वर अख्ख्या गावातल्या बाया आणि त्यांच्यामध्ये, काठी मांडीवर घेऊन, सरपंच. मी तिच्या शेजारीच होते. पदर तोंडात कोंबला होता, नाहीतर हसू फुटलं असतं.

चर्चा सुरू झाली. भाऊजी उठून म्हणाले की तलावाचं पाणी बंद केलं तर बागा जळतील. खोटं बोलत नव्हते ते. एप्रिल छाटणीनंतर द्राक्षाला उन्हाळ्यात पाणी लागतंच, आणि त्या बागेवर त्यांचा जीव होता. वेलींशी ते बोलायचे तेवढे घरात कुणाशी बोलत नसत. साहेब म्हणाले, मळ्यातल्या स्वतःच्या विहिरीत आहे तेवढ्या पाण्यावर ठिबक बसवा, शासन अनुदान देतं. भाऊजी म्हणाले, “थेंब थेंब? बाग हाय का दवाखान्यातला पेशंट?” पुरुष हसले. वरून कुणीतरी बाई म्हणाली, “आमी डोईवर हंडे वाहतो तवा नाय कुणी हसत.” कोण म्हणालं ते कळलं नाही, सगळ्या माना पदराखाली.

ग्रामसेवक म्हणाला, ठरावाआधी ज्यांच्या मोटारी आहेत त्यांची नावं सरपंचांनी मोठ्यानं वाचायची. अक्का उठली. कुरडयांत पाय पडणार नाही अशी बेतानं उभी राहिली आणि अडखळत एकेक नाव वाचायला लागली. शेवटच्या नावापाशी थांबली. ते भाऊजींचं नाव होतं.

नवऱ्याचं नाव आमच्याकडे बाई घेत नाही. ग्रामसेवक खालून म्हणतोय, “वाचा, वाचा.” साहेबांना काही कळेना. बाया खुदुखुदु हसायला लागल्या. खाली भाऊजींच्या ओठांच्या कोपऱ्यात मला हसू दिसलं. त्यांना वाटलं, अडली. सासूबाई म्हणाल्या, “घे की गं नाव. मांडवात घेतलं व्हतं, हितं काय झालं?”

अक्कानं पदर सावरला, नजर तलावाच्या दिशेला लावली आणि खणखणीत आवाजात उखाणा घेतला:

“पाझर तलावाच्या काठी बाभळीची सावली,
अमुकरावांची मोटर आम्ही घरात आणून ठेवली!”

अमुकराव मी घातलं आहे. मी धाकटी जाऊ, दिराचं नाव मलाही घेता येत नाही.

जे हसू उसळलं ते! निंबावरचे पक्षी उडाले. साहेब डोळे पुसत होते, सासरे खांदे हलवत हसत होते. भाऊजींचे कान लालभडक झाले. पण उखाण्यात नाव घेतलेल्या नवऱ्याला चिडता येत नाही. तिथं त्यानं लाजून हसायचं असतं, ही रीत आहे. सगळं गाव बघत होतं. भाऊजी हसले.

ग्रामसेवकानं ती वेळ साधली. “ठराव मंजूर असणाऱ्यांनी हात वर करा!” वरच्या सगळ्या काठ्या एकदम वर गेल्या. नेमके त्याच वेळी दोन कावळे कुरडयांवर उतरत होते. ग्रामसेवक पेन हातात धरून गोंधळला. “सासूबाई,” तो गडबडीत आमच्या सासूबाईंना स्वतःही सासूबाईच म्हणाला, “हे मत हाय का कावळा?”

“दोनी,” सासूबाई म्हणाल्या.

खालचेही बरेच हात वर आले. सासऱ्यांचा होता. भाऊजींचा नव्हता.

मोटर दुसऱ्या दिवशी खरंच घरात आली आणि ओसरीत बसली. भाऊजी पावसाळ्यापर्यंत अक्काशी बोलले नाहीत. समोर ती उभी असताना मला सांगायचे, “त्यांना म्हणावं, चहा ठेवा.” मी अक्काला सांगायची, अक्का मला सांगायची, दूध नाही, मी भाऊजींना सांगायची. घरात एवढा लोकसहभाग पूर्वी कधी नव्हता. कुरबुर करत त्यांनी मळ्यातल्या विहिरीवर ठिबक बसवलं. बाग जगली. पहिल्या वर्षी घड लहान आले, ते त्यांनी मुद्दाम आमच्या समोर आणून ठेवले.

गाळ निघाला, शेतकऱ्यांनी तो आपापल्या शेतात नेला. पाऊस बेताचाच झाला. पण पुढच्या उन्हाळ्यात तलावात पाणी राहिलं, विहिरीत राहिलं, आणि मे सरेपर्यंत गल्लीतला नळ, बारीक का होईना, चालू होता. शेवटी शेवटी पाणी गढूळ यायचं, फडक्यानं गाळून घ्यायचो. टँकर गावात आला नाही. ओट्यावर कुरडया पुन्हा पडल्या, आणि त्या वर्षीच्या सभेलाही बाया राखणीला बसल्या.

साहेबांनी ही गोष्ट वर कुठंतरी सांगितली असावी. त्या उन्हाळ्यानंतरच्या पावसाळ्यात नाशिकला एक कार्यशाळा होती आणि तिथं अक्कानं बोलावं असं बोलावणं आलं. विषय तोच लांबलचक, मागं मोठ्या पडद्यावर लिहिलेला. भाऊजी नवे कपडे घालून आमच्याबरोबर आले. अक्काशी ते आता बोलत होते, पण चहापुरतं. अक्काचं भाषण मी लिहून दिलं होतं. त्यात ‘जलसंधारण’ दोनदा घातलं होतं, माझी बारावी दिसावी म्हणून.

अक्काला मखमली खुर्चीवर बसवलं. आमच्या आधी बोलणाऱ्यांनी व्यासपीठ, धोरण, शाश्वतता असं बरंच काही काढलं. अक्का उभी राहिली तेव्हा माझा कागद तिच्या हातात नव्हता. ती म्हणाली, “व्यासपीठ बांधायचं असंल तर पाया खोल घ्या.” सभागृह हसलं. “आन बायांना बसाया निमित्त ठिवा. नुसतं या म्हणलं तर बाया येत नसत्यात. तुमच्या योजनेत कुरडया घाला.” लोक आणखी हसले, टाळ्या वाजल्या, मीही वाजवल्या.

पुढच्या रांगेतल्या एका बाईंनी विचारलं, “ताई, पाणी टिकल्याचा तुम्हाला स्वतःला काय फायदा झाला?”

अक्कानं माईककडे पाहिलं. घरी आम्ही ठरवलं होतं की असं कुणी विचारलं तर भाजीपाला वाढला म्हणायचं.

“पानी शेंदून आन हंडे वाहून माझं अंग भाईर यायचं,” ती म्हणाली. “डाक्टरीणबाई म्हणल्या व्हत्या, जड उचलू नको. उचलत व्हते. औंदा नळाला पानी व्हतं. औंदा नाय आलं. ह्यो फायदा.”

आणि ती खाली बसली. साहेबांनी मान खाली घातली होती. मग मागच्या रांगेतल्या खेड्यांतल्या बायांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली, आणि त्या लवकर थांबल्या नाहीत. मी भाऊजींकडे पाहिलं नाही. माझी हिंमत झाली नाही.

परतीच्या जीपमध्ये भाऊजी पुढं ड्रायव्हरशेजारी आणि आम्ही दोघी मधल्या सीटवर. नाशिक मागं पडल्यावर मान वळवून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. चहापाण्याच्या निरोपापलीकडं मोठा दीर धाकट्या भावजयीशी असं थेट बोलत नाही.

“तुला ठावं व्हतं?”

मी मान डोलावली.

“मला का नाय सांगितलं कुणी?”

हे त्यांनी मलाच विचारलं होतं, आवाज मात्र भलतीकडे वळला होता. अक्का खिडकीबाहेर बघत होती. लग्नाला इतकी वर्षं झाली, चारचौघांत ती त्यांच्याशी कधी बोलली नव्हती. तिनं पदर नीट केला आणि सरळ त्यांनाच म्हणाली,

“म्हणलं, मोटर बंद झाली की ऐकू यील.”